चपलांपाशी

"देव नाही," असं मी तात्यांना सांगितलं तेव्हा ते गोठ्यात म्हशीच्या खुराला हळद-तेल लावत बसले होते. १९९३ सालचा ऑक्टोबर, मी चौदा वर्षांचा. ते दोन शब्द मी दोन दिवस तोंडात घोळवले होते. तात्या काय म्हणतील आणि त्यावर मी काय म्हणेन, सगळं ठरवून ठेवलं होतं. त्यांनी मानही वर केली नाही. म्हणाले, "बरं. कंदील जरा हिकडं धर."

मी कंदील धरला.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, तुकोबांच्या पालखीच्या वाटेपासून दोन कोसांवर. घरात तीन पिढ्यांची माळ. संध्याकाळी दिवा लागला की हरिपाठ, एकादशीला वरीचे तांदूळ, आणि आषाढी जवळ आली की तात्यांचं लक्ष शेतात कमी आणि आभाळाकडे जास्त. त्या घरात मी ते दोन शब्द उच्चारले होते आणि उत्तरादाखल माझ्या हातात कंदील आला होता.

मला ते शब्द कुठून सुचले हे तात्यांना ठाऊक होतं. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती पाण्यात सोडून माणसं उशिरा झोपली होती, आणि चारच्या सुमाराला दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्यावर आल्या. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या गावातून भाकरी आणि घोंगड्या भरून एक ट्रक गेला, त्यात तात्या होते. चार दिवसांनी परत आले ते अंगणातच कपडे काढून, आंघोळ करून घरात शिरले. काय पाहिलं ते सांगितलं नाही. हरिपाठ चुकला नाही, पण त्या आठवड्यात त्यांचा आवाज ऐकू यायचा नाही. नुसते ओठ हलायचे.

म्हशीचं झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि दावणीच्या दगडावर बसले. "तिथं एका माणसाला मी पाण्याची कळशी दिली," ते म्हणाले. "त्यानं माझ्या गळ्यातली माळ बघितली. म्हणला, माळकरी हाय का? म्हणलं, व्हय. म्हणला, मग सांगा." जरा वेळ थांबून तात्या म्हणाले, "मला काय सांगता आलं न्हाई. तुलाबी सांगता येणार न्हाई."

भांडायच्या तयारीनं गेलेला मी रिकाम्या हातानं परत आलो.

तात्यांविषयी कुणाला सांगू लागलं की लोक पटकन म्हणतात, अच्छा, म्हणजे फार कडक नव्हते. हे मला खोडून काढावंसं वाटतं. तात्या कडक होते. तापानं फणफणले असतानाही त्यांनी एकादशी सोडली नाही, आणि डॉक्टरांनी रागावून सांगितल्यावर फक्त एवढं केलं की गोळी साबूदाण्याच्या खिरीबरोबर घेतली. स्वतःच्या बाबतीत ते तसूभर हलत नसत. पण तो कडकपणा त्यांनी कुणाच्या ताटात वाढला नाही.

गावात पिराचं ठाणं होतं. उरसाला तात्या मला घेऊन जायचे. दारात वहाणा काढायच्या, उपरणं डोक्यावर घ्यायचं, दाराजवळ बसायचं, काही मागायचं नाही. कंदुरीचं, म्हणजे मटणाचं, जेवण तात्यांना चालायचं नाही हे त्या लोकांना ठाऊक असे. त्यांच्यासाठी मलिदा वेगळा काढून ठेवलेला असायचा. "घ्या, एकदा खाऊन तरी बघा" असा आग्रह कुणी केला नाही, आणि तात्यांनीही कधी नाक मुरडलं नाही. येताना वाटेत मी एकदा विचारलं, "तात्या, अल्ला आणि पांडुरंग एकच का?" शाळेत तसं शिकवलं होतं, मला 'हो' हवं होतं. तात्या म्हणाले, "मला काय ठावं? मी अजून एकालाच पुरता वळखला न्हाई. दोघं एक हायती का दोन, ते कसं सांगू?"

हे उत्तर त्या वेळी मला कच्चं वाटलं. आता वाटतं, सगळं एकच आहे असं म्हणून टाकण्यात केवढी सोय असते! एकच आहे म्हटलं की दुसऱ्याचं समजून घ्यायचं कामच उरत नाही. तात्या दुसऱ्याच्या देवाघरी पाव्हण्यासारखे वागायचे. "पाव्हण्यानं घर बघावं, भांडी मोजू नयेत," असं म्हणायचे.

ही शिकवण तोंडी नव्हती, हे मला १९९२च्या हिवाळ्यात दिसलं होतं. आमच्या भजनात पखवाजाला गावातले एक चाचा बसत. शिलाईचं दुकान, बोटांना सुईचे घट्टे, आणि हात पखवाजावर पडला की पडवी घुमायची. डिसेंबरात अयोध्येची बातमी आली, मग मुंबईच्या दंगलीच्या बातम्या येऊ लागल्या. चाचांना कुणी 'येऊ नका' म्हटलं नाही. पारावर दोन-तीन पोरं काहीतरी बोलली, ते त्यांच्या कानांवर गेलं, आणि पुढच्या एकादशीला पखवाज खुंटीलाच राहिला.

तात्या दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसू लागले. एक दिवस मीही बरोबर होतो. दोघांनी पावसाविषयी, म्हशीविषयी, गुडघ्यांविषयी बोलून घेतलं. कोरा चहा झाला. आम्ही परत आलो. असे चार दिवस. पाचव्या दिवशी तात्यांनी आजीकडून कणकेचा गोळा मागून घेतला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि निघाले. पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणीक थापावी लागते, त्याशिवाय खालचा घुमारा येत नाही. "धुमेला कणीक लावून द्या," तात्या चाचांना म्हणाले, "आमाला जमंना." तात्यांना ते जमत नव्हतं असं अजिबात नाही. चाचांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी गोळा हातात घेतला, दाबून पाहिला आणि म्हणाले, "पाणी जास्त झालंय." पुढच्या एकादशीला ते आले. त्यावर कुणीच काही बोललं नाही. पारावरच्या त्या पोरांशी मात्र तात्या नंतर काहीतरी बोलले असणार, कारण त्यांतली दोघं पुढं टाळ घेऊन भजनात उभी राहायला लागली.

तात्यांचं मन असं जन्मतः उघडं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. एक दार त्यांनी फार उशिरा उघडलं, तेही आत्यानं ढकलल्यावर. ही गोष्ट आत्याच सांगते. ती शाळेत होती तेव्हा घरात चार दिवस बाजूला बसायची पद्धत होती. पडवीच्या कोपऱ्यात घोंगडी, वेगळं ताट. एका संध्याकाळी तात्या माणसांना चोखोबांची गोष्ट सांगत होते. मंगळवेढ्याला वेशीची भिंत पडून चोखोबा दगडांखाली गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारापुढं समाधी केली. तात्यांचा गळा दाटून आला होता. कोपऱ्यातून आत्या म्हणाली, "तात्या, चोखोबासाठी रडताय, अन् मी हितं कोण हाय?"

सगळे गप्प झाले. तात्या त्या रात्री जेवले नाहीत. आजीशी बोलले, पण आजी ऐकेना. तिच्या सासूनं तिला तसंच बसवलं होतं, तिच्या दृष्टीनं ते मोडणं म्हणजे देवाचा कोप. तात्यांनी तिच्यावर आवाज चढवला नाही. "ठीक हाय, मग मीबी चार दिस भायेर," म्हणून घोंगडी घेतली आणि पडवीत आत्यापासून दोन हातांवर झोपले. पुढच्या महिन्यातही. गाव हसायला लागलं. तिसऱ्या महिन्यात आजी स्वतः म्हणाली, उठा दोघंबी, आत या. आत्या हे सांगताना अजून रडते आणि वर हेही सांगते, "पण मी बोलले नसते तर त्यांना दिसलं नसतं, हे ध्यानात ठेव." मी ठेवलं आहे.

आता वारीकडे येतो, कारण मला खरं सांगायचं आहे ते तिथं आहे.

१९९४ची आषाढी. मी पंधरा वर्षांचा, नास्तिक म्हणून एक वर्ष जुना. तात्या दरवर्षी देहूपासून चालत, मी इंदापूरला त्यांच्या दिंडीत मिसळलो. "मला देव मानायचा नाही पण चालायचं आहे," असं सांगितलं तर म्हणाले, "पायाला काय इचारतोस? चाल." वाटेत ते मला गोष्टी सांगत. "देहूतनं तुकोबांची पालखी निघाली की पयला विसावा कुठं घेती, ठाव हाय? अनगडशाबाबाच्या दर्ग्यापाशी. आरती हुती तिथं." सराटीला नीरेत पादुकांचं स्नान झालं, अकलूज मागं पडलं, आणि वाखरीच्या आधीचा मुक्काम आला, पिराची कुरोली. तात्यांनी नुसतं पाटीकडे बोट दाखवलं. निघताना दर्गा, पोचताना पीर. माणसं कुठून चालत गेली हे गावांच्या नावांत राहून जातं.

पंढरपुरात दर्शनबारीच्या तोंडाशी तात्यांनी विचारलं, "आत येणार?"

"नाही."

"बरं. मग चपला सांभाळ."

दिंडीतल्या चाळीसेक माणसांनी आपापल्या वहाणा माझ्यापुढं काढल्या. महाद्वारापाशी, चोखोबांच्या समाधीच्या एका अंगाला मी पोतं अंथरून बसलो, सकाळपासून दुपार टळेपर्यंत. टायरच्या चपला, अंगठा तुटलेल्या, सुतळीनं बांधलेल्या, एका आजीच्या एका पायात लाल आणि दुसऱ्या पायात हिरवी. माणसं येत, चोखोबांपुढं वाकत, मग नामदेवांच्या पायरीपाशी वाकत, ती पायरी न तुडवता पुढं जात. मला कुणी 'आत का नाही गेलास' असं विचारलं नाही. चपलांपाशी कुणीतरी लागतंच, आणि मी तिथं होतो, एवढंच त्यांना पुरेसं होतं. आयुष्यात इतका वेळ इतक्या श्रद्धेच्या इतक्या जवळ मी कधी बसलो नव्हतो.

रात्री चंद्रभागेच्या वाळवंटात भाकरी खाऊन आडवे झालो. तात्या बराच वेळ जागे होते. मग त्यांनी मला ते सांगितलं, जे वडिलांनाही पुरतं ठाऊक नव्हतं.

१९४७च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. पांडुरंगाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून. मंदिर खुलं झालं. त्यानंतरची पहिली आषाढी, तात्या सोळा वर्षांचे, वडिलांबरोबर वारीला आलेले. माझे पणजोबा मोठे वारकरी, पंचवीस वाऱ्या झालेले. त्यांनी चंद्रभागेत स्नान केलं, लांबून कळसाला हात जोडले आणि मागं वळले. मंदिर बाटलं म्हणाले. मुलगाही वळला.

"समोरनं एक बाई चालली हुती," तात्या अंधारात म्हणाले. "खांद्यावर ल्योक. आमच्या गावच्या महारवाड्यातली न्हवं, दुसऱ्या कुठल्या गावची. पाय उचलत न्हवता तिचा. पायरीपाशी थांबायची, मागं बघायची, कोण हाकलतं का म्हणून. मग गेली आत. अन् मी भायेर. बापाचा हात धरून. माझ्या बापानं पंचवीस वाऱ्या केल्या, अन् एका दाराशी सगळ्या घालवल्या. मरेस्तोवर आत गेला न्हाई."

मी काहीच बोललो नाही. जरा वेळानं ते म्हणाले, "आज तूबी भायेर थांबलास. कायबी वाईट न्हाई त्यात. पण कशापायी थांबलास ते नीट बघत जा. आत तुला कुणी दिसत न्हाई म्हणून थांबलास तर बस की खुशाल, जनमभर बस. आत जाणारी मानसं तुझ्यापरीस कमी हायती म्हणून थांबलास, तर मग तू माझ्या बापाच्या शेजारी बसलास."

मी अजून नास्तिक आहे. पंचेचाळिशी ओलांडली तरी त्या ऑक्टोबरच्या प्रश्नाला मला उत्तर मिळालेलं नाही, आणि मिळाल्यासारखं दाखवावंसंही वाटत नाही. पण वाळवंटातलं ते बोलणं मला किती वेळा आडवं आलं त्याची गणती नाही. चोखोबांना शतकानुशतकं बाहेर ठेवलं गेलं. पणजोबा गुर्मीनं बाहेर राहिले. मीही बाहेरच असतो. तिघंही एकाच दाराबाहेर, पण ती जागा एक नाही.

हे मी नेहमी पाळलं असं नाही. विशीत पुण्यात राहत होतो, फुले वाचत होतो, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या चमत्कारांच्या कार्यक्रमांना जात होतो. तात्या पुण्याला आले की त्यांनाही नेलं. पाण्यानं दिवा पेटवून दाखवलेला पाहून ते लहान मुलासारखे पुढं सरकले आणि नंतर त्या कार्यकर्त्याला गाठून सगळी युक्ती विचारून घेतली. "आमच्या तुकोबानं तरी भोंदूला कुठं सोडलाय," म्हणाले. एकदा मी त्यांना सांगितलं की फुल्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एका कुटुंबाची कल्पना केली आहे, बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी एकमेकांचा हेवा न करता नांदायचं. पुस्तक १८९१ सालचं, फुले गेल्यानंतर निघालेलं. तात्या विचारात पडले. मग म्हणाले, "चांगलं हाय. पण भाकरी एकट्या बाईनंच थापायच्या का, ते लिवलंय का कुठं?" आत्याचा धडा त्यांनी सोडला नव्हता.

त्याच काळात माझ्या हातून एक गोष्ट घडली. मित्राची आई आजारी, दवाखान्यात. मी रात्री सोबतीला बसलो होतो. उशी नीट करताना खाली अंगाऱ्याची पुडी सापडली. मी ती उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि वर चार शहाणपणाची वाक्यं ऐकवली. त्या काही बोलल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

पुढं गावी गेल्यावर तात्यांना हे सांगितलं. खरं तर अभिमानानंच सांगितलं.

"औषध बंद केलं हुतं का त्यांनी?"

"नाही."

"इंजेक्शन नको म्हणल्या का?"

"नाही."

"मग तुझं काय जात हुतं?" तात्या माझ्यावर चिडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. "औषध सोडून अंगारा लावत असत्या, तर मी आलो असतो तुझ्यासंगं फेकायला. पोराबाळांना डागण्या देनारा, पैसं उकळनारा बाबा असंल तर धर त्याची गचांडी. पर ती म्हातारी रातीची भ्याली हुती, अन् तू तिच्या हातातली काठी काढून घेतलीस."

मी पुण्याला परतल्यावर माफी मागायला गेलो. काकूंनी चहा केला, "असू दे रे" म्हणाल्या. मित्र मात्र पुन्हा पूर्वीसारखा बोलला नाही. ते मला अजून सलतं.

तात्या २००८ साली गेले, झोपेतच. चाचा त्याआधी दोन वर्षं गेले होते, त्यांचा मुलगा आला. त्याला पखवाज येत नाही. तो पखवाज खुंटीवरून काढून, पुसून, परत ठेवून गेला. २०१३च्या २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्या सकाळी मला सगळ्यात आधी तात्या आठवले. माळकरी माणसाला हे किती लागलं असतं, ते समजावून सांगावं असं आसपास कुणी नव्हतं.

गेल्या वर्षी माझ्या लेकीनं हट्ट धरला, पंढरपूर बघायचं. ती अकरा वर्षांची. तिच्या आईचा देवावर विश्वास आहे, माझा नाही, आणि ती अजून कुठल्याच बाजूला नाही. आषाढी-कार्तिकी टाळून गेलो, तरी बारी तीन तासांची होती. लेकीनं विचारलं, "बाबा, तुम्ही नाही येत?" मी नाही म्हटलं. तिनं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, मग बूट काढले, दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या.

मी चोखोबांच्या समाधीजवळ सावली पाहून बसलो. लेकीचे बूट, बायकोच्या चपला. थोड्या वेळानं एक म्हातारा माणूस आला, धोतर, पायात जाड वहाणा, बरोबर म्हातारी. त्यानं विचारलं, "भाऊ, बसनार हाय का हितं?"

"बसणार आहे."

"आत न्हाई जायाचं?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि वाकून त्यानं आधी म्हातारीच्या आणि मग स्वतःच्या वहाणा माझ्या चपलांना लावून ठेवल्या.